सेशनने ठरवून दिलेले मत प्रेस्बिटरीत द्यावेच लागते का?

प्रश्न : मी मूळची मिरजेची. लग्नानंतर न्यू जर्सीत आले आणि प्रेस्बिटेरियन चर्च यूएसएच्या येथील एका मंडळीत आमचे कुटुंब रमले. गेल्या वर्षी मंडळीने मला एल्डर (मंडळीचा कारभार पाहणारी वडील) म्हणून निवडले आणि सेशनने, म्हणजे एल्डर व पाळक यांच्या कारभारी मंडळाने, प्रेस्बिटरीसाठी, म्हणजे परिसरातील मंडळ्यांच्या वरच्या सभेसाठी, तेथे बसणारी कमिशनर म्हणून माझे नाव दिले. २०२४ साली सॉल्ट लेक सिटीच्या महासभेने, म्हणजे चर्चच्या राष्ट्रीय सभेने, एल्डर व पाळक यांच्या दीक्षेच्या परीक्षेसंबंधी (लैंगिक कल व लिंगओळख यांवरूनही भेदभाव न करण्याच्या तत्त्वांशी बांधिलकी तपासण्याविषयी) केलेली दुरुस्ती आमच्या बहुतेक एल्डरांना मान्य नाही. सेशनने आता असा ठराव केला आहे की, ही दुरुस्ती रद्द करण्याचा ओव्हर्चर, म्हणजे औपचारिक प्रस्ताव, प्रेस्बिटरीपुढे न्यायचा, त्यावर मी सेशन सांगेल तसेच मत द्यायचे आणि निकाल लागेपर्यंत वरच्या सभांसाठीची दरडोई वर्गणी भरायची नाही. काही जण तर म्हणतात, सरळ बाहेर पडू. इमारत आपल्या देणग्यांतून उभी राहिली आहे, ती कोण नेतो? माझे स्वतःचे मत अजून पुरते ठरलेले नाही. सभेत ऐकून ते बदलेलही. पण ज्यांनी विश्वासाने पाठवले त्यांच्याविरुद्ध हात वर करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. कोल्हापूरहून सासरे फोनवर सांगतात, "सूनबाई, चर्चचा तंटा कोर्टात गेला की नातवंडांपर्यंत पुरतो." मी काय करावे?

उत्तर : सप्रेम सलाम.

ज्या गोष्टीने तुमची झोप उडाली आहे तिचे उत्तर निःसंदिग्ध आहे, म्हणून ते आधी देतो. सेशन तुम्हाला आपले मत सांगू शकते, ते प्रेस्बिटरीपुढे मांडावे अशी अपेक्षा करू शकते. पण तुमचा हात कधी वर व्हावा हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. तुमच्या चर्चच्या 'बुक ऑफ ऑर्डर' या नियमग्रंथातील पायाभूत तत्त्वांत हे स्पष्ट आहे की, एल्डर आणि पाळक हे लोकेच्छेचे निव्वळ प्रतिबिंब नसून त्यांनी एकत्र बसून ख्रिस्ताची इच्छा शोधायची आहे. प्रेस्बिटरीत तुम्ही सेशनच्या मुखत्यार म्हणून जात नाही. त्या सभेच्या पूर्ण अधिकाराच्या सभासद म्हणून जाता, आणि पाळकाच्या मताइतकेच तुमच्या मतालाही वजन असते. हीच मर्यादा प्रेस्बिटरीवरही आहे. महासभेला पाठवलेल्या कमिशनरांना तीही मताची सक्ती करू शकत नाही. मते घरूनच बांधून आणायची असती, तर चर्चा, प्रार्थना आणि विचारविनिमयासाठी सभा भरवण्याचे काही कारणच उरले नसते.

यावर तुम्ही म्हणाल, की नियम काहीही सांगो, लोकांनी विश्वास टाकला त्याचे काय? विश्वासाला जागण्याचा मार्ग आहे, आणि तो सभेच्या आधी आणि नंतर आहे. सभेच्या आधी सेशनमध्ये उभे राहून सांगा, "तुमचे म्हणणे मी कोणतीही काटछाट न करता मांडीन, पण सभेत ऐकून माझा विवेक जे सांगेल तसे मत देईन." सभेनंतर परत येऊन, मत कसे दिले आणि का दिले, हे त्यांच्यासमोर सांगा. जे एल्डर रागावतील ते रागावोत; पण तुम्ही त्यांना फसवले असे त्यांना म्हणता येणार नाही. अप्रामाणिकपणा तेव्हा होतो, जेव्हा सेशनमध्ये मान डोलवायची आणि प्रेस्बिटरीत वेगळेच वागायचे. तुमचा तसा विचार नाही, हे पत्रावरूनच दिसते.

आता मतभेदाविषयी. अशा प्रसंगी मंडळ्यांमध्ये हमखास ऐकू येणारे एक वाक्य असते : "लुईव्हिलने आमच्यावर लादले." लुईव्हिलला चर्चचे मुख्य कार्यालय आहे हे खरे, परंतु संविधानातील दुरुस्ती त्या कार्यालयात होत नाही. महासभा ही प्रेस्बिटरींनी निवडलेल्या पाळकांची व एल्डरांची सभा आहे, आणि तिने मंजूर केलेली दुरुस्तीही लगेच लागू होत नाही. ती देशभरातील दीडशेहून अधिक प्रेस्बिटरींकडे जाते, आणि त्यांपैकी बहुसंख्य प्रेस्बिटरींनी वर्षभरात होकार दिला तरच 'बुक ऑफ ऑर्डर'मध्ये येते. विश्वासांगीकारांच्या, म्हणजे चर्चच्या अधिकृत श्रद्धा-निवेदनांच्या, पुस्तकात भर घालायची तर साधे बहुमतही पुरत नाही, दोन तृतीयांश प्रेस्बिटरी लागतात. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाच्या काळात जन्मलेला बेलहार विश्वासांगीकार पहिल्या खेपेला याच अटीवर अडला आणि दुसऱ्या प्रयत्नानंतर २०१६ साली स्वीकारला गेला. सांगण्याचा हेतू असा की, तुमच्या सेशनला ज्या दुरुस्तीचा राग आहे तिच्यावर तुमच्या स्वतःच्या प्रेस्बिटरीनेही मतदान केले आहे. त्या सभेचे इतिवृत्त स्टेटेड क्लार्ककडून, म्हणजे प्रेस्बिटरीच्या सचिवाकडून, मागवून घ्या. त्या दिवशी तुमच्या मंडळीचा कमिशनर हजर होता का, तो बोलला का, प्रेस्बिटरीचा कौल काय होता, हे वाचल्याशिवाय सेशनने पुढचे पाऊल टाकू नये. जी खुर्ची मतदानाच्या दिवशी रिकामी होती, तिच्यावरून नंतर अन्यायाची तक्रार करणे जड जाते. तुमच्या मंडळीबाबत तसे झाले असेल असे मी म्हणत नाही. पण हे प्रकार मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहेत.

मतभेद झाला तर प्रेस्बिटेरियन माणसाने कसे वागायचे, या प्रश्नाला अमेरिकेत जवळजवळ तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि मला तो तुमच्या प्रश्नाच्या अगदी गाभ्याशी वाटतो. १७२९ साली सिनडने (प्रेस्बिटरींच्या वरच्या सभेने) ठरवले की, दीक्षा घेणाऱ्याने वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार मान्य करावा. परंतु त्यातील एखाद्या कलमाबद्दल त्याच्या मनात अडचण असेल, तर ती त्याने प्रेस्बिटरीपुढे उघड सांगावी, आणि ते कलम आवश्यक व अपरिहार्य आहे की नाही हे प्रेस्बिटरीने ठरवावे. मनात ठेवून सही करायची नाही आणि सांगितल्याबरोबर हाकलायचेही नाही, असा तो समझोता होता. तो पुरता टिकला नाही. धार्मिक जागृतीच्या सभांवरून आणि पाळकांच्या पात्रतेवरून १७४१ साली चर्च दुभंगले, आणि सतरा वर्षांनी, १७५८ साली, दोन्ही बाजू पुन्हा एकत्र आल्या तेव्हा त्यांनी एक नियम लिहून ठेवला. बहुमताने एखादी गोष्ट ठरली की प्रत्येक सभासदाने एकतर तिच्याशी मनापासून सहकार्य करावे, किंवा मुकाट्याने ती मान्य करून चालावे. आणि विवेक यांपैकी काहीच करू देत नसेल, तर नम्रपणे युक्तिवाद करण्याची व हरकत घेण्याची पुरेशी मोकळीक मिळाल्यानंतर, फूट पाडण्याचा प्रयत्न न करता, शांतपणे बाहेर पडावे. पुढे एक अटही आहे, की हे केवळ त्याच निर्णयांना लागू आहे, जे ती सभा सिद्धांताच्या किंवा शासनपद्धतीच्या दृष्टीने अपरिहार्य समजेल.

हा नियम लिहिणारी माणसे फूट अनुभवून परतलेली होती, म्हणून त्यातील प्रत्येक शब्द मला मोलाचा वाटतो. बाहेर पडण्याची वाट त्यांनी बंद केली नाही, पण तिच्याआधी 'पुरेशी मोकळीक मिळाल्यानंतर' ही पायरी ठेवली. तुमच्या मंडळीतील जे लोक बाहेर पडण्याची भाषा करत आहेत ते ही पायरी चढले आहेत का, हे त्यांना विचारा. पत्रावरून तरी असे दिसते की, त्यांचा ओव्हर्चर अजून प्रेस्बिटरीच्या दारातही पोहोचलेला नाही.

आता तुम्हाला लागू असलेला निर्णय नेमका काय सांगतो, हेही शांतपणे पाहिले पाहिजे. कारण सेशनच्या बैठकीत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होत असावी अशी मला शंका आहे. २०१५ साली विवाहाच्या कलमात बदल झाला आणि विवाह दोन व्यक्तींमधील, परंपरेने स्त्री व पुरुष यांच्यातील, वचनबंध म्हणून वर्णिला गेला, तेव्हा त्याच कलमात हेही लिहिले गेले की, कोणत्याही पाळकावर त्याला न पटणारा विवाह लावण्याची वा कोणत्याही सेशनवर त्यासाठी चर्चची वास्तू देण्याची सक्ती नाही. त्या बाबतीत तुमची मंडळी आजही आपल्या विवेकाप्रमाणे वागू शकते आणि तिला कोणी जाब विचारणार नाही. २०२४ च्या दुरुस्त्या वेगळ्या आहेत. त्यांनी भेदभाव न करण्याच्या तत्त्वांत लैंगिक कल आणि लिंगओळख यांचा समावेश केला, आणि दीक्षेच्या किंवा नियुक्तीच्या परीक्षेत उमेदवाराची या तत्त्वांशी असलेली बांधिलकीही तपासली जावी असे म्हटले. म्हणजे नव्या एल्डरांची परीक्षा घेताना तुमच्या सेशनलाही हा प्रश्न टाळता येणार नाही. तुमच्या सहकाऱ्यांची अस्वस्थता येथे आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

या ठिकाणी सेशनला पिट्सबर्गचे एक जुने प्रकरण माहीत असावे. १९७४ साली वॉल्टर विन केन्यन नावाच्या उमेदवाराने परीक्षेत सरळ सांगितले की, स्त्रियांच्या दीक्षेत आपण भाग घेणार नाही. इतरांनी ती दिली तर आपण आड येणार नाही, पण स्वतःच्या हाताने देणार नाही. प्रेस्बिटरीने त्याला उत्तीर्ण केले, परंतु चर्चच्या वरच्या न्यायमंडळांनी तो निर्णय फिरवला आणि १९७५ साली ते प्रकरण कायमचे संपले : चर्चने जी गोष्ट आपल्या शासनाचा भाग म्हणून ठरवली आहे ती करण्यास जो आधीच नकार देतो, त्याला प्रेस्बिटरी दीक्षा देऊ शकत नाही. हा निकाल कठोर होता असे आजही अनेकांना वाटते. त्यानंतर काही मंडळ्या बाहेरही पडल्या. परंतु स्वतः स्त्री एल्डर असलेल्या तुम्हाला हे वेगळे सांगायला नको, की या निर्णयाची दुसरी बाजू तुमच्याच खुर्चीवर बसलेली आहे. दुरुस्तीच्या गुणदोषांवर तुम्ही माझे मत मागितलेले नाही आणि ते मी देतही नाही. मात्र विवेकस्वातंत्र्याच्या मर्यादा 'बुक ऑफ ऑर्डर'मध्ये कोठे आखलेल्या आहेत, हे तुम्हाला माहीत असले पाहिजे. इतरांचे हक्क व मते यांवर अतिक्रमण न करता आणि चर्चच्या सांविधानिक कारभारात अडथळा न आणता जेवढे शक्य आहे, तेवढे स्वातंत्र्य तेथे दिलेले आहे. परीक्षेतील नव्या कलमाचा अर्थ तुमच्या प्रेस्बिटरीत कसा लावला जातो, हे स्टेटेड क्लार्कला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. सेशनमधील निम्मा संताप ऐकीव गोष्टींवर पोसलेला असतो. एका पानाच्या उत्तराने तो पुष्कळदा खाली येतो.

ओव्हर्चर न्यायला काहीच हरकत नाही. किंबहुना तोच योग्य मार्ग आहे, आणि त्या भागापुरता तुमच्या सेशनचा ठराव अगदी नियमाला धरून आहे. सेशन तो प्रेस्बिटरीपुढे ठेवील, प्रेस्बिटरीला पटला तर ती तो महासभेकडे पाठवील, आणि तेथे तो विचारात घेतला जाण्यासाठी आणखी किमान एका प्रेस्बिटरीची सहमती लागेल. महासभा दर दोन वर्षांनी भरते आणि संविधानाशी संबंधित प्रस्तावांची मुदत तिच्या बरीच आधी संपते, म्हणून तारखा आताच तपासून घ्या. सहमती देणारी दुसरी प्रेस्बिटरी ऐन वेळी सापडत नाही. त्यासाठी पत्रव्यवहार, फोन आणि ओळखीपाळखी लागतात, आणि हे काम रागाच्या भरात ठराव करण्यापेक्षा फार कष्टाचे असते. ज्या एल्डरांना बाहेर पडण्याची घाई आहे त्यांच्यावरच ते सोपवा.

समजा, प्रेस्बिटरीने तो ओव्हर्चर फेटाळला आणि तुमचा विवेक तोपर्यंत सेशनच्या बाजूने ठरला असेल, तर त्याच सभेत तुम्हाला असहमती नोंदवता येते. मायक्रोफोनपाशी जायचे, मॉडरेटरकडे (सभाध्यक्षाकडे) परवानगी मागायची आणि "या निर्णयाशी माझी असहमती नोंदवावी" एवढेच म्हणायचे. त्यासाठी कारणे लागत नाहीत, तुमचे नाव इतिवृत्तात जाते. निर्णयात नियमभंग किंवा कर्तव्यात कसूर झाली आहे असे वाटत असेल, तर लेखी निषेध हा दुसरा प्रकार आहे. त्यात कारणे द्यावी लागतात, त्याची सूचना त्याच सत्रात द्यावी लागते आणि सभा संपण्यापूर्वी तो क्लार्कच्या हातात पडावा लागतो. भाषा सभ्य असेल तर तो इतिवृत्तात घ्यावाच लागतो. म्हणून असा मजकूर घरूनच लिहून न्यावा. सभा संपून लोक कॉफीच्या टेबलाकडे वळले की त्याला काही किंमत राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या ईमेलला तर मुळीच नाही. न्यायमंडळाकडे तक्रार करण्याची तरतूदही आहे, परंतु ती बेकायदेशीर कारभाराविरुद्ध आहे; रीतसर मंजूर झालेली दुरुस्ती केवळ नापसंत आहे म्हणून कोणतेही न्यायमंडळ ती रद्द करणार नाही. त्या वाटेवर पैसा आणि वेळ घालवू नका.

"हे सगळे करून काय होणार? बहुमत त्यांचेच आहे," असे कोणीतरी म्हणेलच. त्यांना मागचा इतिहास सांगा. दीक्षा घेणाऱ्याने विवाहात निष्ठा वा एकटेपणात ब्रह्मचर्य पाळावे, हे कलम १९९७ साली आले. ज्यांना ते अन्यायाचे वाटत होते त्यांनी ते बदलण्याचा प्रयत्न लगेच पुढच्याच फेरीत केला आणि ते हरले. पुन्हा २००१-०२ मध्ये हरले. २००८-०९ मध्ये तिसऱ्यांदा हरले. २०१० च्या महासभेने पाठवलेली दुरुस्ती अखेर मे २०११ मध्ये ट्विन सिटीज एरिया प्रेस्बिटरीच्या मताने बहुमतापर्यंत पोहोचली. चौदा वर्षे ही माणसे अल्पमतात होती, आणि ज्या दारांबद्दल मी वर लिहिले तीच दारे ती ठोठावत होती. तुमचे एल्डर आज ज्यांच्यावर चिडले आहेत ते काल नेमके त्यांच्या जागी उभे होते. यातून तुमच्या बाजूचा विजय निश्चित होतो असे नाही. कदाचित तो कधीच होणार नाही. पण प्रेस्बिटरीच्या खोलीत हरलेला पक्ष निरर्थक असतो, हे म्हणणे या चर्चच्या इतिहासाला धरून नाही.

वर्गणीच्या बाबतीत मात्र मला सेशनचा ठराव मुळीच पटत नाही. कायद्याने पाहिले तर सेशनला दरडोई वर्गणी भरण्याची सक्ती करता येत नाही. न्यायमंडळानेही ते मान्य केलेले आहे. परंतु ती न भरल्याने महासभेचे काय बिघडते? महासभेची आणि सिनडची रक्कम त्यांना पोहोचवण्याची जबाबदारी प्रेस्बिटरीवर असते. तुम्ही भरली नाही तर ती प्रेस्बिटरीच्या तिजोरीतून जाते, म्हणजे पुढच्या गावातील तीस माणसांच्या मंडळीला पाळक मिळावा म्हणून ठेवलेल्या पैशातून, किंवा तुमच्याच तरुणांच्या शिबिराच्या मदतीतून. ज्यांच्यावर राग आहे त्यांना या ठरावाची झळ लागत नाही. ज्यांची मते ओव्हर्चरसाठी हवी आहेत त्यांनाच ती बसते. एका हाताने पाठिंबा मागायचा आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या ताटातले काढायचे, हे नीतीला तर सोडाच, साध्या व्यवहारालाही धरून नाही. शिवाय न बोलता पैसे अडकवणे म्हणजे युक्तिवाद टाळणे होय, आणि १७५८ चा नियम तर युक्तिवादच मागतो.

राहिली इमारत. "आपल्या देणग्यांतून उभी राहिली" हे शंभर टक्के खरे असले, तरी 'बुक ऑफ ऑर्डर'प्रमाणे प्रत्येक मंडळीची मालमत्ता संपूर्ण चर्चच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण केलेली असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली जोन्स विरुद्ध वुल्फ या खटल्यात सांगितले की, दिवाणी न्यायालये अशा वादांत धर्मसिद्धांतात न शिरता दस्तऐवजांकडे पाहू शकतात आणि चर्चांना आपल्या संविधानात विश्वस्ततेची तरतूद करता येईल. त्यानंतर ती तरतूद स्पष्ट शब्दांत लिहिली गेली, आणि १९८३ साली अटलांटात उत्तरेकडील व दक्षिणेकडील चर्च एक झाले तेव्हा ती नव्या संविधानात आली. मंडळी स्वतःच्या मताने बाहेर पडू शकत नाही. तिला दुसऱ्या सुधारित परंपरेच्या चर्चकडे सोडण्याचा अधिकार फक्त प्रेस्बिटरीला आहे. मंडळीची सभा आपली इच्छा सांगू शकते, निर्णय देऊ शकत नाही. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्कची मंडळी २०१४ साली इको या नव्या चर्चकडे गेली तेव्हा तिने सॅन फ्रान्सिस्को प्रेस्बिटरीला सुमारे ८८ लाख ९० हजार डॉलर देण्याचे मान्य केले; डॅलसच्या हायलंड पार्क मंडळीने त्याच वर्षी ग्रेस प्रेस्बिटरीशी ७८ लाख डॉलरवर तडजोड केली. त्या बड्या मंडळ्या होत्या. तुमच्या मंडळीचा आकडा लहान असेल, पण वकिलाची फी आकार पाहून लहान होत नाही. राज्यागणिक कायदा बदलतो, म्हणून हा विषय खरोखरच पुढे आला, तर न्यू जर्सीच्या मालमत्ता कायद्याचा जाणकार गाठावा. एखाद्या एल्डरच्या मेहुण्याच्या सल्ल्यावर जाऊ नये. व्यक्तिशः कोणाचा विवेक येथे राहू देत नसेल, तर त्याला बदलीपत्र घेऊन दुसऱ्या मंडळीत जाता येते, आणि त्यासाठी कोणाच्याही भिंतीवर दावा सांगावा लागत नाही.

तुमच्या सासऱ्यांना माझा सलाम सांगा. त्यांचे वाक्य अनुभवाचे आहे. १९७० साली नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च, सीएनआय, स्थापन झाले. त्या एकीकरणातून गुजरातेतील ब्रदरन चर्चच्या मालमत्तेचा जो वाद उभा राहिला तो २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. ज्यांनी पहिल्या कागदावर सह्या केल्या त्यांतले निकाल ऐकायला किती जण राहिले असतील, याचा हिशेब सासरे तुमच्यापेक्षा लवकर करतील. स्कॉटलंडमध्ये तर याहून विलक्षण घडले. १९०० साली तेथील फ्री चर्च या प्रेस्बिटेरियन चर्चच्या बहुसंख्यांनी दुसऱ्या एका चर्चशी एकीकरण केले, थोडे लोक त्यात गेले नाहीत, आणि १९०४ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सगळी मालमत्ता त्या थोड्यांना दिली. एवढ्या इमारती चालवायला त्यांच्याकडे माणसेच नव्हती. शेवटी पुढच्या वर्षी पार्लमेंटला कायदा करून वाटणी करावी लागली.

पण त्याच फ्री चर्चच्या जन्माची हकिगत मला तुमच्या सेशनने वाचावीशी वाटते, कारण बाहेर पडायचेच झाले तर ते कसे, हे तिच्यात आहे. १८ मे १८४३ रोजी एडिनबरोच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडची महासभा भरली. मंडळीवर पाळक नेमण्यात जमीनदारांचा आणि दिवाणी न्यायालयांचा हात असावा की नाही, यावर दहा वर्षे वाद चालला होता. मॉडरेटर डेव्हिड वेल्श यांनी कामकाज सुरू करण्याऐवजी लेखी निषेध वाचला, तो टेबलावर ठेवला, राणीच्या प्रतिनिधीला वाकून नमस्कार केला आणि ते दाराबाहेर गेले. त्यांच्यामागे थॉमस चामर्स आणि इतर. सुमारे साडेचारशे पाळकांनी चर्च, घर आणि पगार सोडला. त्याची झळ मुंबईपर्यंत पोहोचली. मिशनरी जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी फ्री चर्चबरोबर गेले, आणि महासभेच्या नावाने चालवलेल्या संस्थेची वास्तू जुन्या चर्चकडे सोडून त्यांना शाळा दुसरीकडे भरवावी लागली. पुढे तिचेच विल्सन कॉलेज झाले. दहा वर्षे भांडून, कारणे लिहून देऊन आणि इमारतीवर हक्क न सांगता गेलेली ही माणसे होती. तुमचे एल्डर तिन्ही गोष्टींना तयार असतील, तर त्यांच्या बाहेर पडण्याला मी नावे ठेवणार नाही. इमारत ठेवायची, वर्गणी अडवायची आणि ओव्हर्चरही न्यायचा, असे एकाच ठरावात बसत नाही.

सेशनची पुढची बैठक प्रेस्बिटरीच्या आधी असेल, तर तेथे दोन दुरुस्त्या सुचवा. वर्गणीचा भाग वेगळा काढून त्यावर स्वतंत्र मतदान मागा, म्हणजे ओव्हर्चरच्या बाजूचे पण वर्गणी अडवण्याच्या विरोधातले एल्डर मोकळेपणाने मत देतील. असे एल्डर प्रत्येक सेशनमध्ये असतात, पण ठराव जोडलेला असला की गप्प बसतात. आणि "कमिशनरने सेशनच्या निर्णयानुसार मतदान करावे" या ओळीऐवजी "सेशनचे मत कमिशनरमार्फत प्रेस्बिटरीला कळवावे" अशी ओळ लिहून घ्या. प्रेस्बिटरीला सेशनच्या इतिवृत्तांची वेळोवेळी तपासणी करावी लागते. आताची ओळ तशीच राहिली तर तपासणीत तिच्यावर शेरा पडेल, हे तुमच्या पाळकांना ठाऊक असणार. त्यांच्याशी बैठकीआधी बोलून घ्या, म्हणजे दुरुस्तीला अनुमोदन शोधण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही.